फोटो छापायचाय? आधी कागद बघा!

मित्रांनो, कुठल्याही डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डाकडे एकदा नीट निरखून बघा. टेक फेस्टचे, इंडस्ट्रियल व्हिजिटचे, स्पोर्ट्स डेचे फोटो तिथे हौसेने लावलेले असतात. जूनमध्ये लावलेला फोटो दिवाळीला कसा दिसतो? चेहरे तांबूस, आकाश पांढरट, आणि निळा टी-शर्ट घातलेला मुलगा चक्क करड्या कपड्यात! मग आपण प्रिंटरला शिव्या घालून मोकळे होतो. पण बहुतेक वेळा प्रिंटर बिचारा निर्दोष असतो. दोष असतो दोन गोष्टींत : कागद चुकीचा, आणि प्रिंटरला दिलेली माहिती चुकीची.

आता हॉस्टेलवर जवळपास प्रत्येक मजल्यावर एखादा तरी इंक टँक प्रिंटर सापडतो. आणलेला असतो असाइनमेंट आणि जर्नलसाठी. पण एकदा प्रिंटर आला की फोटो छापायचा मोह कुणाला आवरतो? कुणाला सीनियर्सच्या निरोप समारंभासाठी फ्रेम करायची असते, कुणाला प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्किटचा फोटो घालायचा असतो. आणि कुणी गावाहून आजोबांचा एकुलता एक जुना फोटो स्कॅन करून आणलेला असतो, तो मोठा करून घरच्या भिंतीवर लावायचा असतो. पहिली दोन कामं बिघडली तर फार तर वीस-पंचवीस रुपयांचा कागद वाया जातो. तिसरं काम बिघडलं तर वर्षभरात आजोबांचा चेहरा फिका पडतो, आणि ते घरच्यांना रोज दिसतं. म्हणून हा लेखप्रपंच.

थेंबाची गोष्ट

इंकजेट प्रिंटर म्हणजे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकणारं यंत्र. थेंब फेकायच्या दोन पद्धती आहेत. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरमध्ये छोटासा रेझिस्टर क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. एप्सनच्या प्रिंटरमध्ये पिझो क्रिस्टल असतो. व्होल्टेज दिलं की तो वाकतो आणि शाई बाहेर ढकलली जाते. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

थेंब केवढा? काही पिकोलिटर. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब ३ पिकोलिटरचा धरला तर एक मिलिलिटर शाईत सुमारे ३३ कोटी थेंब होतात! सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी पडतात आणि लांबून आपल्या डोळ्याला त्यांचा मिळून एक रंग दिसतो. खास फोटोसाठी केलेल्या प्रिंटरमध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा असे आणखी दोन रंग असतात. त्यामुळे गालावरचा उजेड किंवा ढगांसारख्या फिक्या भागात ठिपके दिसत नाहीत.

ठिपक्यांवर ठिपके ठेवून चित्र उभं करायची ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही, बरं का! राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला आणि तो पुढे घाट चढून मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचल्या. त्या पद्धतीत एकेका रंगासाठी वेगळा दगड असे आणि कागद एकामागून एक सगळ्या दगडांखालून जाई. कागद दमट होऊन जरासा फुगला की रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत, ही लिथोग्राफीची जुनी डोकेदुखी. म्हणजे यंत्र कितीही चांगलं असलं तरी शेवटचा शब्द कागदाचाच, हे तेव्हाही खरं होतं.

आता शाई. ती दोन प्रकारची असते, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर, तर पिगमेंट म्हणजे पाण्यात कालवलेली हळद. डाय शाई कागदाच्या थरात मुरते. तिचे रंग चमकदार दिसतात, पण पाणी, ऊन आणि हवा यांच्यापुढे ती लवकर हार मानते. पिगमेंटचे घन कण पृष्ठभागाजवळ बसतात, त्यामुळे ते जास्त टिकतात. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये सरमिसळ असते, काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सेटिंग्जमध्ये तिचा संबंध येणार आहे. तुमच्या शाईच्या बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं.

कागदाच्या जाती

दुकानात गेलात की दुकानदार विचारतो, "ग्लॉसी पाहिजे का साधा?" जणू जगात दोनच कागद आहेत! प्रत्यक्षात आपल्या कामाचे प्रकार असे :

१) साधा झेरॉक्सचा कागद : ७० ते ८० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. यावर काही थर नसतो, शाई सरळ तंतूंमध्ये शिरते आणि पसरते. कडा भुरकट, रंग मलूल, आणि शाई जास्त झाली की कागदाला लाटा. मजकुरासाठी ठीक, फोटोसाठी नाही.

२) मॅट कोटेड कागद : साधारण १०० ते २०० जीएसएम. वर सिलिकासारख्या पदार्थाचा शाई शोषणारा पांढरा थर असतो. चमक नाही, पण ठिपके जागच्या जागी राहतात. प्रोजेक्ट रिपोर्ट, पोस्टर, ग्राफ आणि फोटो एकत्र असलेली पानं यासाठी हा उत्तम. ट्यूबलाइट चमकत नाही, त्यामुळे वाचायला त्रास होत नाही. शिवाय स्वस्त. हॉस्टेलवर याचा वापर आहे त्यापेक्षा खूप जास्त व्हायला हवा.

३) स्वस्त ग्लॉसी : कागदी पायावर चकचकीत थर. बाजारात सगळ्यात जास्त हाच मिळतो. पासपोर्ट फोटो, आयकार्ड, वाढदिवसाचं ग्रीटिंग यासाठी चालतो. पण शाईतलं पाणी खालच्या कागदात शिरतं, म्हणून गडद फोटोत कागद वळतो आणि बारीक लाटा दिसतात.

४) आरसी कागद : म्हणजे रेझिन कोटेड. यात मधल्या कागदाला दोन्ही अंगांनी पॉलिथिनचा थर असतो आणि त्याच्यावर शाई शोषणारा थर. फोटो लॅबमधल्या कागदाचा पायाही असाच असतो, म्हणून हात लावला की "खरा फोटो" वाटतो. साधारण २०० ते ३०० जीएसएम. ग्लॉसी, सॅटिन, लस्टर अशा पृष्ठभागांत मिळतो. भिंतीवर लावायचा किंवा भेट द्यायचा फोटो असेल तर यावरच छापा. सॅटिन किंवा लस्टरवर बोटांचे ठसे कमी दिसतात, म्हणून हातोहात फिरणाऱ्या फोटोला तो बरा.

५) कॉटन कागद : कापसाच्या तंतूंचा, प्रदर्शनासाठी वापरतात. पिगमेंट शाईवर शोभतो. आपल्या खिशाचा विचार करता इथे फक्त ओळख पुरे!

वरच्या शोषक थराचेही दोन प्रकार आहेत. एक मायक्रोपोरस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा. शाई पटकन छिद्रांत शिरते आणि फोटो हातात येतो तोच कोरडा वाटतो. दुसरा फुगणारा थर, जिलेटिनसारखा. तो शाई पिऊन फुगतो आणि वाळायला वेळ घेतो, पण वाळला की रंगाला आपल्या पोटात झाकून ठेवतो. छिद्रांच्या थरात हवा आरपार जाऊ शकते, म्हणून त्यावर डाय शाई हवेनेच फिकी पडते. फुगणाऱ्या थराला दमटपणा सोसत नाही, तो चिकट होतो. दोघांचे गुण वेगळे, रोग वेगळे. आता बाजारात मुख्यतः मायक्रोपोरसच मिळतो.

एक धोक्याची सूचना : इंकजेटचा ग्लॉसी किंवा आरसी कागद ऑफिसातल्या लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. लेझर प्रिंटर टोनर वितळवून कागदावर चिकटवतो, त्यासाठी आतला रोलर चांगलाच तापलेला असतो. त्याला लागून कागदावरचं प्लास्टिक वितळतं आणि रोलरलाच चिकटतं. फोटो तर जातोच, वर हजारो रुपयांचा पार्टही जातो. स्टाफरूममध्ये मग काय होतं ते सांगायला नको.

कागद ओळखायच्या चाचण्या

पाकिटावर लिहिलेलं खरं कशावरून? आपण इंजिनिअर ना, मग मोजून बघू.

वजनाची चाचणी : ए-४ कागदाचं क्षेत्रफळ ०.२१ × ०.२९७ म्हणजे ०.०६२४ चौरस मीटर. पाकिटावर १८० जीएसएम लिहिलं असेल तर एका कागदाचं वजन ११.२ ग्रॅम आणि दहा कागदांचं ११२ ग्रॅम भरलं पाहिजे. ४×६ इंची कागद २३० जीएसएमचा असेल तर एकाचं वजन सुमारे ३.६ ग्रॅम, वीस कागदांचं ७१ ग्रॅम. केमिस्ट्री लॅबमधल्या काट्यावर दोन मिनिटांचं काम. पावसाळ्यात कागद ओल धरतो म्हणून थोडा फरक चालेल. पण १८० च्या जागी १३० भरला तर समजून जा. मात्र वजनदार कागद म्हणजे चांगला कागद असं नाही. वजन पायाचं कळतं, थराचं नाही.

फाडून बघायची चाचणी : एक कागद कोपऱ्यात फाडा. आरसी असेल तर फाटताना प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ताणला जातो. नुसतेच तंतू दिसले तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तो साधा ग्लॉसी.

बोटाची चाचणी : मॅट कागदाची छापायची बाजू कुठली हे कळत नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्यावर टेकवा. थर असलेली बाजू बोटाला हलकीशी चिकटते. उलट बाजूवर छापलेला फोटो म्हणजे शाईचं डबकं.

पुसून बघायची चाचणी : फोटोच्या सेटिंगवर गडद चौकोन आणि बारीक रेघा छापा. दहा मिनिटांनी टिशू पेपरने हलकेच पुसा. रंग निघाला तर तो कागद आणि तुमची शाई यांचं जमत नाही, दुसरं स्थळ बघा!

सुरुवातीला शंभराचा गठ्ठा घेऊ नका. वीसचं पाकीट घ्या, चाचण्या करा आणि मग ठरवा. जास्त लागणार असेल तर चार-पाच जणांनी मिळून हार्बर लाइनने सीएसएमटी गाठावं. तिथून अब्दुल रेहमान स्ट्रीट चालत जाण्यासारखी आहे. स्टेशनरीच्या घाऊक बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे.

प्रिंटरला खरं सांगा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साधारण घरगुती प्रिंटरला आपल्या पोटात कुठला कागद घातलाय हे कळत नाही. तुम्ही सांगाल ते तो खरं मानतो. प्रिंटची खिडकी उघडली की प्रॉपर्टीज किंवा प्रेफरन्सेसमध्ये पेपर टाइप किंवा मीडिया टाइप असा पर्याय असतो. तिथे मुळात "प्लेन पेपर" असतं आणि आपण ते तसंच ठेवून थेट प्रिंट दाबतो. इथेच अर्धे फोटो बिघडतात.

या एका पर्यायावरून प्रिंटर किती गोष्टी ठरवतो बघा : शाई किती ओतायची, एका जागेवरून हेड किती वेळा फिरवायचं, रंगांचं मिश्रण कसं करायचं, आणि काळा रंग कुठला वापरायचा. ग्लॉसी कागद घालून सेटिंग "प्लेन" ठेवलं तर शाई कमी पडते, फोटो फिका आणि दाणेदार येतो, आडवे पट्टे दिसतात. उलट साध्या कागदावर "ग्लॉसी" सेटिंग दिलं तर शाई इतकी पडते की कागद लगदा व्हायचा बाकी राहतो.

काळ्याची गंमत अशी. ज्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंग डाय आहेत, तिथे पिगमेंटचे कण ग्लॉसी थरात मुरत नाहीत, वरच बसतात. म्हणून "ग्लॉसी" निवडल्यावर असे प्रिंटर काळी बाटली वापरतच नाहीत, तिन्ही रंग मिसळून काळा तयार करतात. असा काळा कधी हिरवट, कधी तपकिरी दिसतो. कृष्णधवल फोटोत तर फारच. अशा वेळी आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो मॅट कागदावर, मॅट सेटिंग देऊन छापून बघा. काही प्रिंटर मॅटवर खरी काळी शाई वापरतात, आणि मग केस आणि टोपीचा काळा रंग खराखुरा काळा येतो.

दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर त्याचं नाव यादीत नसतंच. मग काय करायचं? एकच फोटो छोटा करून, साधारण ५×७ सेंटिमीटरचा, एकाच ए-४ कागदावर वेगवेगळ्या जागी चार वेळा छापा. दर वेळी कागदाचा प्रकार बदला : फोटो पेपर ग्लॉसी, कंपनीचा वरच्या दर्जाचा ग्लॉसी, मॅट वगैरे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने सेटिंग लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात चारही बघा. गडद भागात शाई साचून डाग पडलेत का? केसांमधले बारकावे दिसतात का? सर्वांत बरा येईल तो त्या कागदाचा पर्याय. हे झालं की त्या कागदाची कुंडली तयार, पुन्हा पुन्हा अंदाज करायला नको.

बाकीची सेटिंग्ज थोडक्यात :

क्वालिटी "हाय" ठेवा. त्याच्याही वरचा पर्याय असेल तर स्वस्त कागदावर फरक फारसा दिसत नाही, वेळ मात्र जातो.

"हाय स्पीड" किंवा "बायडायरेक्शनल" ची खूण काढा. मग हेड एकाच दिशेने जाताना छापतं आणि रेघा जास्त नेमक्या बसतात.

बॉर्डरलेस छपाई जपून वापरा. त्यात प्रिंटर फोटो थोडा मोठा करतो आणि कडेबाहेर शाई मारतो. म्हणजे कडेचा एखादा मित्र कापला जातो आणि बाहेरची शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजमध्ये जमा होत राहते. फ्रेम करायचा असेल तर कडेला ४-५ मिलिमीटर पांढरी जागा सोडलेलीच चांगली, ती फ्रेमच्या पट्टीखाली झाकली जाते.

रंगांचं व्यवस्थापन एकानेच करावं. एक तर फोटो सॉफ्टवेअरने किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरने. दोघांनीही दुरुस्ती केली की चेहरे लाल-जांभळे होतात. यातलं काही कळत नसेल तर फोटो एसआरजीबी ठेवा आणि सगळं ड्रायव्हरवर सोपवा. "व्हिव्हिड" चा मोह टाळा. फुलांना तो शोभतो, पण आपले गव्हाळ-सावळे चेहरे त्यात शेंदरी दिसतात.

मोबाइलवरून प्रिंट देताना कागदाचा प्रकार अनेकदा आत कुठेतरी दडलेला असतो. शोधा. नाहीच सापडला तर सरळ लॅपटॉपवरून द्या.

पिक्सेलचा हिशोब

प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेले ५७६० डीपीआय वगैरे आकडे थेंबांच्या जागांचे असतात, फोटोच्या बारकाव्यांचे नाहीत. एक रंगछटा दाखवायला अनेक थेंब लागतात. फोटोसाठी इंचाला ३०० पिक्सेल मिळाले की भरपूर झाले. म्हणजे ४×६ साठी १२०० × १८०० पिक्सेल, जेमतेम २.२ मेगापिक्सेल. ए-४ साठी २४८० × ३५०८, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल. आजच्या कुठल्याही फोनला हे सहज जमतं.

मग फोटो फाटका का येतो? कारण तो व्हॉट्सअॅपवरून आलेला असतो! नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४×६ ला ते इंचाला २६६ पडतात, चालून जातं. ए-४ ला मात्र जेमतेम १३७ उरतात. म्हणून मित्राकडून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा किंवा केबलने घ्या. मूळ फाइल मिळते.

आकाराचंही बघा. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ चा कागद ३:२. म्हणजे सहा इंच रुंद केला की उंची साडेचार इंच होते, अर्धा इंच कापावाच लागतो. तो कुठून कापायचा हे तुम्ही ठरवा, प्रिंटरवर सोडलंत तर मागच्या रांगेतल्यांची डोकी जातात.

स्क्रीनवर छान, कागदावर काळपट

ही तर सगळ्यांची तक्रार. कारण साधं आहे : स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद दुसऱ्याचा उजेड परत देतो. लॅपटॉपचा ब्राइटनेस शंभर टक्के ठेवून फोटो ठीकठाक केलात तर प्रिंट काळपट येणारच. पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. मग फोटो बघा. आता जो अंधार दिसेल तोच छापून येणार आहे. फोटो थोडा उजळ करून मगच प्रिंट द्या.

शिवाय काही रंग कागदावर येतच नाहीत. पावसाळ्यात कर्नाळ्याला जाणाऱ्यांना हे चांगलं कळेल. १९६८ पासूनच्या या अभयारण्यात तिबोटी खंड्या पावसाळ्यात वीण करायला येतो. केशरी चोच, पिवळं पोट, निळी-जांभळी पाठ. स्क्रीनवर तो पेटल्यासारखा दिसतो. पण गडद निळा-जांभळा आणि ओल्या पानांचा पोपटी हिरवा हे चार शायांच्या आवाक्याच्या काठावरचे रंग. मॅटवर ते आणखी बसके होतात. अशा फोटोला ग्लॉसी किंवा लस्टर आरसी वापरा आणि रंगांची तीव्रता वाढवण्याऐवजी थोडी कमी करा. नाहीतर पिसांमधल्या छटा जाऊन नुसता एकसंध रंगाचा पट्टा उरतो. एखादा फोटो सगळ्या कागदांवर तपासायला हा खंड्या फार चांगला नमुना आहे!

प्रिंट नेहमी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात तपासा. ट्यूबखाली आणि एलईडीखाली तोच फोटो वेगळा दिसतो. शिवाय ताजी प्रिंट वाळताना रंग थोडे बदलतात, अर्धा तास तरी थांबा.

पनवेलची हवा

कागदाच्या परदेशी पाकिटावर लिहिलेलं असतं, "थंड आणि कोरड्या जागी ठेवा." आता पनवेलमध्ये जुलै महिन्यात थंड आणि कोरडी जागा कुठून आणायची? चादरीसुद्धा वाळत नाहीत! म्हणून थोडी पथ्यं :

कागद ट्रेमध्ये ठेवून देऊ नका. लागतील तेवढेच काढा, बाकीचे झिपच्या पिशवीत परत. पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. कागद आडवा ठेवा, उभा ठेवला की दमटपणाने वाकतो. वाकलेला कागद प्रिंटरमध्ये गेला तर हेडला घासतो आणि कडेला काळे फराटे उठतात.

छापलेला फोटो लगेच पाकिटात, अल्बममध्ये किंवा काचेमागे घालू नका. शाईत पाण्याबरोबर सावकाश उडणारे ग्लायकॉलसारखे पदार्थ असतात. फोटो हाताला कोरडा लागला तरी ते बाहेर पडत असतात आणि काचेवर आतून धुकं धरतात. एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, मोकळा ठेवा. वर साधा कागद टाकून ठेवला तर तो हे पदार्थ शोषून घेतो. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट असू द्या. काचेला चिकटलेला फोटो दमट हवेत तिथेच रुततो आणि काढताना फाटतो.

आणि प्रिंटरचा स्वभाव! प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या स्वतःच्या बटणाने, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकले जातात. भिंतीवरून वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहू शकतं आणि शाई वाळते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंगने हाल केले, तेव्हा छपाई चालू असताना वीज गेली की हेड वाटेतच अडकायचं. आताही वीज गेली तर ती आल्यावर प्रिंटर चालू करा आणि बटणाने नीट बंद करा. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत प्रिंटर पडून राहतो. जाणाऱ्याने, इथेच राहणाऱ्या कुणाला तरी आठवड्यातून एक रंगीत पान छापायला सांगून जावं. आणि फोटोआधी नेहमी नोझल चेक करा. साध्या कागदाच्या एका पानात कळतं, महागडा कागद वाचतो.

फोटो टिकेल किती?

२००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरची गोष्ट जगभर गाजली. रंग सुंदर, पण काही लोकांच्या प्रिंट थोड्याच आठवड्यांत नारिंगी झाल्या. ऊन लागलेलं नव्हतं. कारण निघालं हवेतला ओझोन. छिद्रांच्या थरातून तो आत शिरत होता आणि सायन डाय खाऊन टाकत होता. सायन गेला की उरतात मॅजेंटा आणि पिवळा, दोघांचा मिळून रंग नारिंगी! आपल्या नोटीस बोर्डावरचे तांबूस चेहरे आठवतात ना? रोग त्याच जातीचा. त्यानंतर कंपन्यांनी शाई आणि कागद दोन्ही खूप सुधारले. पण ती सुधारणा त्या शाई-कागदाच्या जोडीपुरती असते. कुठलीतरी स्वस्त शाई आणि कुठलातरी कागद यांची हमी कोण देणार?

म्हणून स्वतःच तपासा. चारही रंगांच्या पट्ट्या आणि एक चेहरा असलेलं पान छापा आणि तीन तुकडे करा. एक जाड पुस्तकात, एक खिडकीच्या काचेला, एक हवेत पण सावलीत. महिन्याने तिन्ही शेजारी ठेवा. खिडकीतला फिका पडला तर दोष उजेडाचा. सावलीतलाही पडला तर हवेचा, मग तो फोटो काचेमागेच लावायला हवा. हा प्रयोग मिनी प्रोजेक्ट म्हणूनही वाईट नाही!

टिकवायचं सूत्र सोपं आहे : कंपनीची शाई, आरसी कागद, पुढे काच, मागे पुठ्ठा, आणि समोर ऊन नाही. झेरॉक्स रूममध्ये तर फोटो लावूच नका, जुन्या धाटणीच्या मशीनमधूनही ओझोन निघतो. आणि डाय शाईचा फोटो पाण्यात गेला की संपला. २६ जुलै २००५ चा पाऊस रायगड जिल्ह्याने पाहिलेला आहे. म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या जागी ठेवा. एक प्रत या घरात, एक दुसऱ्या घरात.

घरी की लॅबमध्ये?

खरं सांगायचं तर ४×६ चे पन्नास-शंभर फोटो हवे असतील तर सरळ लॅबमध्ये जा. तिथे प्रकाश आणि रसायनांनी फोटो-पेपरवर रंग तयार होतात, शाईचे थेंब नसतात. भाव बहुधा स्वस्त पडतो आणि फोटो ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. हॉस्टेलवरच्या प्रिंटरचा हिशोब करताना आपण कागद आणि शाई धरतो, पण वाया गेलेल्या प्रिंट धरत नाही. पाचातली एक बिघडली तर खर्च सव्वापट झाला!

पण रात्री अकरा वाजता सबमिशनचा फोटो लागतो, मॅट कागदावर पोस्टर लागतं, किंवा एकाच जुन्या फोटोवर मेहनत घेऊन पाच वेळा थोडं थोडं बदलून बघायचं असतं, तेव्हा घरचा प्रिंटरच कामाला येतो. लॅबवाला तुमच्या आजोबांच्या टोपीतल्या घड्या दिसाव्यात म्हणून पाच प्रिंट काढत बसणार नाही. तुम्ही बसू शकता.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी प्रिंट दाबायच्या आधी चार गोष्टी बघा. छापायची बाजू बरोबर आहे? कागदाचा प्रकार खरा सांगितलाय? फाइल मूळ आहे? नोझल चेक झालं? चारही उत्तरं "हो" आली तर बिनधास्त बटण दाबा. आणि गणपतीला घरी जाताना एक तरी फोटो छापून घेऊन जा. आईच्या फोनची स्क्रीन छोटी आहे, भिंत मोठी आहे!